स्पीड येतो, पण नेट टिकतं का?

सुरतेत घरच्या इंटरनेटची तक्रार केली की हमखास एक उलटप्रश्न येतो, "स्पीड तर येतोय ना?" दुरुस्तीला आलेला मुलगा खिशातून मोबाइल काढतो, स्पीड टेस्ट लावतो, काटा शंभराच्या पुढे गेलेला दाखवतो आणि तक्रार बंद करून जातो. कस्टमर केअरवर तेच उत्तर मिळतं. हल्ली शिकलीसवरलेली मंडळीसुद्धा या सुरात सूर मिळवू लागली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की वायफाय हा हवेतला कारभार, तो थोडाफार जाणार-येणार. घरच्या माणसानं कॉम्प्युटरवर त्याची नोंद ठेवत बसणं हा रिकामा उद्योग. बिघाड शोधणं इंजिनिअरचं काम. शिवाय पाच-सहाशे रुपयांत महिनाभर नेट मिळतंय, मोबाइलचा डेटा हाताशी आहे, मग एवढी कटकट कशाला?

हे म्हणणं मला मुळातूनच अमान्य आहे. घरातलं कनेक्शन किती वेळा तुटलं, कधी तुटलं आणि कुठे तुटलं, याची नोंद घरच्या कॉम्प्युटरवरच ठेवली पाहिजे, कारण ती दुसरं कोणीही ठेवत नाही. कंपनी ठेवत नाही, नियामक ठेवत नाही, आणि स्पीड टेस्ट तर ती ठेवूच शकत नाही.

आधी या स्पीड टेस्टचंच पाहू. ती दहा-वीस सेकंद चालते. तेवढ्या वेळात जवळच्या एखाद्या सर्व्हरशी एकदम अनेक जोडण्या उघडते, जमेल तेवढा डेटा ओढते आणि त्यावरून एक आकडा काढते. तो आकडा खोटा नसतो, पण तो त्या दहा-वीस सेकंदांपुरताच खरा असतो. नेट तुटलेलं असताना टेस्ट चालतच नाही. म्हणजे टेस्टचा प्रत्येक निकाल हा नेट चालू असतानाचाच निकाल असतो. रात्री पावणेनऊला तुटलेल्या नेटबद्दल दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला केलेली टेस्ट काय सांगणार? सुरतेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मार्केटमध्ये तागा घेताना कोणताही व्यापारी नुसती लांबी मोजून पैसे देत नाही. कापड उलगडून पाहतो, ताण्याचा धागा कुठे तुटलाय, पट्टी कुठे पडलीय ते बघतो आणि त्याप्रमाणे भाव पाडतो. लांबी पुरी आहे म्हणून तुटका धागा माफ होत नाही. मागावरच्या कारागिराच्या पगारातून तो कापला जातो, हे उधना-पांडेसऱ्यातल्या घराघरांना ठाऊक आहे. मग त्याच घरात येणाऱ्या नेटला नुसत्या लांबीवर का पास करायचं?

उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वडील मागावर आणि मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर, असं चित्र आता अनेक घरांत दिसतं. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग घरी बसून करणारी पोरं आहेत. दुकानांचे जीएसटीचे रिटर्न भरून देणारे आहेत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला त्यांचा जीव टांगणीला लागतो. साड्यांचे फोटो चढवून घरबसल्या विक्री करणाऱ्या बायका आहेत. यांतल्या कोणालाही शंभर एमबीपीएस लागत नाहीत. व्हिडिओ कॉल दोन-तीन एमबीपीएसमध्ये व्यवस्थित चालतो. दिवाळीत खानदेशात जाण्यासाठी तात्काळ तिकीट काढायला त्याहूनही कमी पुरतं. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं बुकिंग उघडतं, आणि सगळा खेळ पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत संपतो. त्या मिनिटात नेट वीस सेकंद गेलं, तर पैसे कापले जातात, तिकीट बनत नाही, आणि पुन्हा लॉगिन होईपर्यंत वेटिंग लागलेली असते. इथे स्पीड काहीही उपयोगाचा नाही. लागतं ते सलग टिकणारं कनेक्शन, आणि ते किती टिकतं हे मोजायचं साधन स्पीड टेस्ट नव्हे.

ते साधन प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून आहे. त्याचं नाव पिंग. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरनं डिसेंबर १९८३मध्ये ते लिहिलं, आणि आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत ते फुकट असतं. काम अगदी साधं: एका पत्त्यावर छोटंसं पाकीट पाठवायचं, तिकडून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगायचं, आणि उत्तर आलंच नाही तर तसं सांगायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग, पुढे पत्ता आणि त्यापुढे उणे चिन्ह लावून टी लिहिलं, की थांबवेपर्यंत दर सेकंदाला हा उद्योग सुरू राहतो. डेटा संपेल अशी भीती काहींना वाटते. हिशेब करून बघा. बत्तीस बाइट मजकुराचं पाकीट वेष्टनासकट साठ बाइटांचं होतं. जाणारं आणि येणारं धरून, दर सेकंदाला एक या हिशेबानं चोवीस तासांत साधारण दहा एमबी खर्च होतात. मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ याहून जास्त खातो.

मात्र पिंग एकाच पत्त्यावर लावून उपयोग नाही, आणि बहुतेक जण नेमकी इथेच चूक करतात. दोन खिडक्या उघडायच्या. एकीत घरच्या राउटरचा पत्ता द्यायचा, तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा असतो. दुसरीत बाहेरचा, कायम चालू असणारा एखादा पत्ता, जसं ८.८.८.८ किंवा १.१.१.१. पहिली खिडकी सांगते की कॉम्प्युटर ते राउटर हा घरातला वायफायचा टप्पा कसा आहे. दुसरीत त्यापुढचा सगळा रस्ता येतो. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की बिघाड कोणाच्या हद्दीत आहे ते कळतं.

आमच्या घरच्या नोंदीतला एक तुकडा देतो. रात्री ८ वाजून ४१ मिनिटं ६ सेकंद: राउटरकडून उत्तर २ मिलिसेकंदांत, बाहेरून ११. पुढच्याच सेकंदाला राउटर ३, बाहेरून उत्तर नाही. मग राउटर २, २, ४, २ असा निवांत चालू, आणि बाहेरच्या खिडकीत ओळीमागून ओळ 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. ८ वाजून ४१ मिनिटं ३९ सेकंदांना बाहेरून पुन्हा १२ मिलिसेकंदांत उत्तर. म्हणजे जवळपास अर्धा मिनिट आमचं घर जगापासून तुटलं होतं, आणि त्या सगळ्या वेळात लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या होत्या. तसं दिसणं साहजिकच आहे, कारण त्या पट्ट्या लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला सिग्नल दाखवतात; राउटरच्या पलीकडे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. त्या अर्ध्या मिनिटात व्हिडिओ कॉल तुटला. दुसऱ्या दिवशी तपासणीत 'लाइन ओके' असा शेरा पडला. नोंद नसती तर तो शेरा आम्ही मुकाट्यानं मान्य केला असता.

गोडादऱ्यातल्या आमच्या एका काकांच्या घरची नोंद याच्या अगदी उलट होती. तिथे राउटरवाल्या खिडकीतच २, ४, १८०, ४१०, ३, ६५० असे आकडे उड्या मारत होते, आणि बाहेरच्या खिडकीतही तेच. दोष कंपनीचा नव्हता. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे कोंबलेला होता, आणि ज्या चॅनलवर तो बोलत होता त्याच चॅनलवर आजूबाजूच्या घरांचे राउटर बोलत होते. काका महिनाभर कंपनीला शिव्या देत होते. राउटर माळ्याच्या कडेला मोकळ्या जागी आला, लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेला, आणि तक्रार संपली.

ही दोन घरं शेजारी ठेवली म्हणजे 'वायफाय हा हवेतला कारभार' या युक्तिवादाचं काय होतं ते दिसतं. वायफाय बेभरवशाचं असू शकतं, यात वाद नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला, आणि तो खुला करताना नियमातच म्हटलं आहे की वापर सामायिक राहील आणि व्यत्ययापासून संरक्षण मिळणार नाही. शेजाऱ्याच्या राउटरनं तुमचं वायफाय बिघडवलं तर दाद मागायला जागा नाही. या पट्ट्यात १३ चॅनल दिसत असली तरी एकमेकांवर न चढणारी तीनच धरली जातात: १, ६ आणि ११. लिंबायत-नवागामसारख्या भागात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, घराघरात राउटर आहे, आणि सगळ्यांना मिळून तीनच वाटा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. पण यातून निघणारा निष्कर्ष 'मोजू नका' असा कसा असेल? जिथे कायदा संरक्षण देत नाही आणि कंपनी हात वर करते, तिथे माणसाजवळ उरतं ते स्वतःचं मोजमाप. बिघाड घरातला आहे हे कळलं तर तो बहुतेक वेळा पैसे न खर्चता दुरुस्त होतो. २.४च्या पट्ट्यात चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० वर आणणं, १, ६, ११ यांपैकी सर्वांत मोकळं चॅनल निवडणं, जवळच्या खोलीत पाच गिगाहर्ट्झ वापरणं, ही कामं राउटरच्या पानावर होतात. कोणतं चॅनल मोकळं आहे ते कॉम्प्युटरच सांगतो; आजूबाजूच्या सगळ्या नेटवर्कांची यादी तो चॅनलसकट दाखवतो.

आणखी एक गोष्ट मोजल्याशिवाय कळत नाही. वायफायमध्ये पाकीट हरवलं तर राउटर आणि लॅपटॉप ते आपसात पुन्हा पाठवतात, पोच मिळाली नाही तर आणखी काही वेळा पाठवून बघतात. म्हणून गर्दीच्या हवेत पाकिटं सहसा बुडत नाहीत, उशिरा पोचतात. राउटरपर्यंतच्या २ मिलिसेकंदांचे ४०० झाले की आवाज तुटक येतो, स्क्रीन गोठते, पण नेट 'चालू'च असतं. असा बिघाड नेट गेलं किंवा आलं एवढंच बघणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही.

यावर तंत्रज्ञ मंडळींचा एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, पिंगच्या पाकिटांना अनेक यंत्रं दुय्यम मानतात. वाहतूक वाढली की ती आधी टाकून दिली जातात. त्यामुळे एखादं उत्तर आलं नाही म्हणून नेट तुटलं असं म्हणता येत नाही. खरं आहे. सुटं एक उत्तर चुकलं तर त्याला काही अर्थ नाही, आणि असल्या एका ओळीचा फोटो काढून कंपनीशी भांडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सलग तीस सेकंद बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांकडून एकही उत्तर येत नाही, त्याच वेळी राउटर दोन मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि ब्राउझरमधलं पानही उघडत नाही, याला दुय्यम वागणूक म्हणता येणार नाही. आक्षेपाचं उत्तर जास्त नीट मोजण्यात आहे: बाहेरचे पत्ते दोन ठेवा, सलग किमान पाच-दहा सेकंदांचा खंड धरा, आणि एकाच दिवसावरून निकाल देऊ नका. रात्री नऊच्या सुमारास बाहेरचे आकडे रोज चढत असतील, तर आधी घरातल्या कोणाच्या मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढताहेत का ते बघा. अपलोड भरलं की पिंगचा वेळ वाढतो, आणि तो दोष कंपनीच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप लॅपटॉपबद्दल आहे. वीज वाचवण्यासाठी विंडोज वायफायचं कार्ड झोपवतं, ड्रायव्हर जुना असतो, आणि मग माणूस उगाच राउटर बदलतो. हेही खरंच आहे. त्यासाठी विंडोज १० आणि ११मध्ये वायफायचा अहवाल काढायची सोय दिलेली आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून नेटश, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द इंग्रजीत दिले, की गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जुळलं, कधी तुटलं आणि कोणत्या कारणानं तुटलं, याचा तक्ता वेळेसकट तयार होतो. झाकण बंद केल्यानं तुटलं तर तसं त्यात दिसतं. मायक्रोसॉफ्टनं ही सोय घरोघरच्या कॉम्प्युटरवर देऊन ठेवली असताना, हे फक्त इंजिनिअरचं काम आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आता नियमांकडे येतो, कारण 'हे बघायला ट्राय आहे ना' असंही सांगितलं जातं. ट्राय या दूरसंचार नियामकानं २००६मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले. त्यांत सेवा ९८ टक्के वेळ चालू असावी असं मानक होतं. ऐकायला भक्कम वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, आणि त्यांचे दोन टक्के म्हणजे १४ तास २४ मिनिटं. रोजची जवळपास एकोणतीस मिनिटं. ही मिनिटं पहाटे तीनला एकदम गेली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण तीच अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत दिवसाकाठी सत्तावन्न वेळा गेली, तर त्या घरात कोणतंही काम होऊ शकत नाही. टक्केवारी दोन्हींची सारखीच, मानक दोन्हीकडे पुरं. त्याच नियमांत प्रतीक्षाकाल १२० मिलिसेकंदांच्या आत हवा असं म्हटलं होतं, पण मोजणीची सुरुवात पुरवठादाराच्या नोडपासून. तुमच्या-माझ्या घराचा उंबरठा त्या मोजणीत आलाच नाही. भाडेमाफीही अशीच: बिघाड तीन कामाच्या दिवसांहून जास्त रेंगाळला तर सात दिवसांचं भाडं, सातहून जास्त तर पंधरा दिवसांचं, पंधराहून जास्त तर महिन्याचं. रोज सत्तावन्न वेळा तुटून आपोआप जुळणारं कनेक्शन या कोष्टकात कुठेच बसत नाही, कारण तक्रार नोंदवेपर्यंत ते पुन्हा चालू झालेलं असतं.

१ ऑक्टोबर २०२४पासून नवे नियम आले. त्यांत उत्तराच्या वेळेतल्या चढउताराचं, म्हणजे जिटरचं मानक आलं, आणि जिल्ह्याच्या पातळीवर सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला सवलत देण्याची तरतूद आली. पाऊल चांगलं आहे. पण पुन्हा तेच, लांब बिघाडाची दखल आणि छोट्या तुकड्यांकडे दुर्लक्ष. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३मध्ये ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली, ती सुद्धा स्पीडचीच. वीज कंपन्यांना ग्राहकामागे वर्षात किती वेळा वीज गेली आणि एकूण किती वेळ गेली, हे दोन वेगळे आकडे आयोगाला द्यावे लागतात. इंटरनेट पुरवठादारांनाही 'किती वेळा' हा आकडा द्यायला लावला पाहिजे. पण ती मागणी करायची तर आधी घराघरांतून आलेला पुरावा लागेल.

हा पुरावा कामाला येतो कुठे, असं विचारणाऱ्यांना कायद्यातला एक बदल बहुधा माहीत नसतो. २००९च्या एका निकालामुळे टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत असा समज पक्का झाला होता. १६ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं तो दूर केला. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येतं असा स्पष्ट निकाल दिला. ते प्रकरण अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकानं तिथल्या जिल्हा मंचात नेलेलं होतं, म्हणजे आपल्याच राज्यातलं. आज पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही. त्याआधीच्या पायऱ्या आहेत: कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून नंबर घ्यायचा, समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. या प्रत्येक पायरीवर 'नेट सारखं जातं' या वाक्याला किंमत शून्य. 'अमुक तारखेला ८.४१ ते ८.४२, ९.०७ ते ९.०८, राउटर चालू, बाहेरून उत्तर बंद' या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

राहिला मोबाइलचा मुद्दा. घरचं गेलं तर मोबाइलचा डेटा आहेच, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑगस्ट २०१५ आठवावा. पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातभर मोबाइल इंटरनेट बंद केलं गेलं, सुरतेतही. त्या बंदीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते सप्टेंबरमध्ये फेटाळलं गेलं, आणि त्यात एक मुद्दा असा आला की बंदी फक्त मोबाइलवरच्या इंटरनेटला आहे, ब्रॉडबँड आणि वायफाय चालू आहेत. म्हणजे मोबाइल बंद करताना घरातलं वायफाय हा न्यायालयातही गृहीत धरलेला पर्याय होता. ज्या कनेक्शनवर अशा दिवसांत सगळ्या घराची भिस्त राहते, त्याचा भरवसा मोजू नये?

'पाचशे रुपयांत एवढंच मिळणार' याला मी फार वेळ देणार नाही. पाचशे रुपये महिना म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून वर्षाचे ७,०८० रुपये. स्वस्त पडावं म्हणून अनेक घरं सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरतात. आगाऊ पैसे घेणाऱ्याला सेवा पुरी दिली का असं विचारणं यात ग्राहकाचा हावरटपणा काय आहे?

मला जास्त बोलायचं आहे ते केबलसाठी चढणाऱ्या पोरांबद्दल, कारण या वादात त्यांचा विचार कोणी करत नाही. सुरतेत फायबरच्या बारीक काळ्या केबली गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर गेलेल्या असतात. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, सारं शहर गच्चीवर असतं, आणि सुरती मांजा ज्या ज्या गोष्टीला घासतो तिला कापतो. शिवाय मेट्रोच्या कामासाठी रस्ते उकरलेले. मग हे लाइनमन, त्यांतले कितीतरी आपल्याच खानदेशातले, शिडी खांद्यावर घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटल्याचं उघड असतं, आणि त्यांना चढावंच लागतं. पण लाल दिवा लागलेला नसताना, बिघाड कपाटामागच्या राउटरचा असताना, केवळ मालक ओरडतोय म्हणून त्या पोरानं उन्हात तीन मजल्यांची गच्ची का चढावी? 'दादा, राउटरपर्यंत ठीक आहे, बाहेर तुटतंय, रोज पावणेनऊच्या आसपास,' असं सांगणारा ग्राहक त्या पोराचा अर्धा दिवस वाचवतो. 'नेट चालत नाही' असं ओरडणारा त्याला शिव्यांचा धनी करतो. नोंद ठेवण्याला रिकामा उद्योग म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी एकदा उभं राहून बघावं.

ही नोंद ठेवायला शिकवायचं कुठे? सुरत महानगरपालिका मराठीसह सात माध्यमांच्या शाळा चालवते. शाळा बंद होत्या त्या २०२०च्या काळात याच शाळांतल्या मुलांनी शिक्षकाचा तुटक आवाज ऐकत वर्ग केले, आणि दोष कुठे आहे हे ना त्यांना माहीत होतं, ना आईबापांना. आठवीच्या मुलाला दोन खिडक्या उघडून दोन पत्ते तपासणं एका तासात शिकवता येतं. शाळांतल्या कॉम्प्युटर शिक्षकांनी ते शिकवावं. गणपतीत आणि शिवजयंतीला कार्यक्रम करणाऱ्या आपल्या मंडळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची एखादी शिकवणी ठेवावी. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनी मुलांची वाट बघू नये. कामाच्या वेळात आठवडाभर पिंग चालू ठेवा, वेळेची नोंद आपोआप करणारं पिंगइन्फोव्ह्यूसारखं फुकट साधन वापरा, बिघाड आपल्या हद्दीत निघाला तर राउटर हलवा. बाहेरचा निघाला तर तारीख-वेळेसकट तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.